खालची रेघ

दार उलटं ठेवलं होतं. गुणाजीने जाता जाता ते पाहिलं, हातातला हातोडा खाली ठेवला, फळ्या दोन्ही बाजूंनी धरून दार सुलटं केलं आणि पुढे निघाला. मागून त्या चित्रकार बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" त्याला प्रश्नच कळला नाही. दारावर पांढऱ्या रंगात इंग्रजी नव्याण्णव होता आणि त्याच्या डोक्यावर आडवी रेघ होती. रेघ खाली असते. ती वर दिसली म्हणजे वस्तू उलटी, आणि तो नव्याण्णव नाही, सहासष्ट. त्यात कळण्यासारखं काय आहे, असं तो म्हणणारच होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की ही गोष्ट जगात दुसऱ्या कुणालाच कळायची नाही, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. बाई वाट पाहत होत्या. तो म्हणाला, "बिजागरीवरून," आणि वाकून हातोडा शोधू लागला. हातोडा पायाशीच होता, पण तो बराच वेळ सापडला नाही.

गिरगावातल्या ह्या कलादालनात गुणाजी धुरी दहा वर्षं चित्रं टांगत होता. आधी गिरणीत, संपानंतर इथे. आजकालच्या चित्रांतलं त्याला काही कळत नसे आणि कळत असल्याचा आव त्याने कधी आणला नाही. पण चित्र आलं की तो चित्रकाराला पहिला प्रश्न विचारी, वरची बाजू कुठची, आणि उत्तर मिळालं की चौकटीच्या मागे पेन्सिलीने खालच्या अंगाला एक रेघ ओढी. तो नोकरीला लागायच्या आधी एकदा एक मोठं निळं चित्र आठवडाभर उलटं टांगलेलं होतं आणि कुणीतरी त्याच्यावर पेपरात भरभरून लिहिलंही होतं, असं मॅनेजर रमाकांत हसून सांगत असे. गुणाजी आल्यापासून असली कला झाली नाही. त्या रेघेवर त्याची नोकरी टिकली होती म्हटलं तरी चालेल. रेघ गिरणीतून आलेली. घडी खात्यात कापडाच्या ताक्यांवर आकडे घालायचं त्याचं काम. पहिल्याच वर्षी सहासष्ट नंबरचा ताका उलटा धरून कुणीतरी नव्याण्णव म्हणून भलत्याच गाठोड्यात भरला, तेव्हा मुकादमाने त्याला सगळ्या खात्यासमोर उभं करून सांगितलं, आधी रेघ ओढायची, मग तिच्यावर आकडा बसवायचा. रेघ म्हणजे जमीन, आकडा हवेत सोडायचा नाही. अठरा वर्षं त्याने ताक्यांवर आकडे बसवले. मग सवय अशी हाडीमाशी खिळली की घरी दूधवाल्याच्या नावे भिंतीवर आकडा लिहिला तरी त्याच्याखाली रेघ यायची, आणि बायको, जाईबाई, म्हणायची, ह्या घराची पण गिरणी करून ठेवलीत.

टेम्पोतून आणखी दारं वर येत होती. दोन हमाल एकेक दार पाठीवर घेऊन लाकडी जिना चढत होते आणि वर येऊन ते भिंतीला टेकवून ठेवत होते. बावीस. एकशे चार. एकतीस. सगळ्या आकड्यांखाली रेघ. गुणाजी प्रत्येक दाराकडे पाहत होता आणि प्रत्येक दार त्याच्याकडे. स्वतःचं अक्षर अचानक समोर आलं की माणूस कसा दचकतो, जुन्या वहीत सापडलं तरी दचकतो, आणि इथे तर ते आठशे-नऊशे किलोमीटरवरून टेम्पोत बसून आलं होतं. शेवटून दुसरं दार आत आलं ते कोरं होतं. आकडा नाही, रेघ नाही. मधोमध छातीच्या उंचीवर दोन हातांचे ठसे होते, एके काळी पिवळे असावेत, आता चहा सांडल्यासारखे. गुणाजीने ते पाहिलं आणि तो स्टुलावर बसला. रमाकांतने लांबून विचारलं, काय हो, साखर कमी झाली का. तो म्हणाला, हो.

सुनंदा पिंपळशेंडे, त्या चित्रकार बाई, चंद्रपूरच्या. बोलायला साध्या, आणि कुणी ऐकतंय म्हटलं की समजावून सांगायची हौस. दुपारी तारा कापता कापता त्यांनी गुणाजीला सगळं सांगितलं. बोरगोंदी नावाचं गाव होतं, त्याच्याखाली कोळसा निघाला. गाव उठवलं. लोकांनी जाताना आपापली दारं काढून नेली, नव्या वसाहतीत पत्र्याची दारं मिळाली, मग ही जुनी कुणाच्या शेळ्यांच्या कुडाला लागली, कुणी त्यांच्यावर शेवया वाळवल्या. बाईंनी दोन वर्षं हिंडून त्यांतली अठ्ठावीस मिळवली. आता ती गावातल्या गल्लीच्या क्रमाने छतापासून तारांनी टांगायची, खाली जमिनीवर कोळसा पसरायचा, आणि बघणाऱ्याने त्या गल्लीतून चालत जायचं. गुणाजी मान हलवत होता. मग बाईंनी त्या कोऱ्या दारावर हात ठेवला आणि म्हणाल्या की खरं म्हणजे हे सगळं ह्या एका दारासाठी आहे. बोरगोंदीत घरं होती एकशे बारा आणि सरकारी यादीत निघाली एकशे अकरा. आकडे घालणाऱ्याने हे एक घर सोडलं. नंबर नाही म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून प्लॉट नाही, भरपाई नाही, काही नाही. त्या घरच्या राधाबाई नऊ वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या. शेवटच्या साहेबाने नकाशावर बोट ठेवून सांगितलं, सहासष्टनंतर सदुसष्ट, मध्ये घर असतंच कुठे. निकाल लागला, फाईल बंद झाली. हे दार त्यांनी दिराच्या गोठ्यात नेलं, आणि अजून त्या गोठ्यातच राहतात, आतापर्यंत ह्या दाराची भिंत करून. उद्या त्या उद्घाटनाला येतायत. एवढं बोलून बाई पुन्हा तार कापायला लागल्या. गुणाजीने विचारलं, "त्यांना काहीच नाही मिळालं?" बाई म्हणाल्या, "काहीच नाही." त्याने पुन्हा विचारलं. बाईंनी वर पाहिलं.

संध्याकाळी तो बसची वाट न बघता चालत निघाला. गिरगावातून भायखळा, भायखळ्यातून लालबाग, हा रस्ता त्याच्या पायांना पाठ होता, डोक्याची गरज नव्हती, आणि डोकं जाग्यावर नव्हतंही. यादी. यादी म्हटलं की त्याला गिरणीचं फाटक दिसे. संपाचं पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा फाटकावर याद्या लागायला लागल्या. कामावरून कमी केलेल्यांची नावं. माणसं सकाळी तिथे गर्दी करून वाचत, आणि ज्याचं नाव नसे तो मागे फिरताना चेहरा पाडून चाले, नाव असलेल्याला वाईट वाटू नये म्हणून. पण त्याची चाल हलकी झालेली कळायची. गुणाजीचं नाव तिसऱ्या यादीत आलं. पहिल्या दोन याद्यांनंतर तो घरी आला तेव्हा जाईबाईने देवापुढे साखर ठेवली होती. त्या वर्षी गिरणगावात एवढीच गोष्ट पक्की होती: यादीत नाव आलं तो मेला, नाही आलं तो वाचला. हे त्याला कुणी शिकवलं नाही आणि पुढे कुणी विसरायलाही लावलं नाही. मग चाळीतल्या नानाचा मेहुणा, तिकडे बल्लारपुराकडे एका कंत्राटदाराचा मुकादम होता, त्याने निरोप धाडला की आकडे घालायला चांगल्या अक्षराचा माणूस हवा. दिवाळी आटोपून गुणाजी गेला. हातात ब्रश, पांढऱ्या रंगाचा डबा, खांद्यावर फडकं. पुढे मोजणीवाला साहेब, मागे हा. गावोगाव जायचं आणि दारावर आकडा बसवायचा. साहेब लोकांना सांगे की नंबर म्हणजे तुमचा नव्या गावातला हक्क आहे, नीट जपा. गुणाजी मनात म्हणे, साहेब लोक याद्यांबद्दल काय काय सांगतात ते आम्हाला विचारा. तो प्रत्येक दारावर आकडा घाली आणि त्याला वाटे, आपण एकेका घराला फाटकावर चिकटवतोय. बायका चूल सोडून दारात येऊन बघत. एकदा एक म्हातारा त्याला म्हणाला, किती सुबक लिहितोस, आणि त्याने मान वर न करता पुढचं दार धरलं.

बोरगोंदीत साहेब पाटलाकडे जेवायला थांबला आणि गुणाजी एकटाच पुढे गेला. सहासष्ट झालं. पुढच्या घराला मांडव पडलेला. दारावर हळदीचे हात, इतके ताजे की त्याला वास आला. नवरीचे असणार, लहान होते. आतून एक बाई धावत आली, हाताला पीठ, आणि तिने दाराला पाठ लावली. माझ्या दारावर लिहू नको रे बाबा, असं काहीसं ती म्हणाली, चार दिवसांवर लग्न आहे, हळदीशेजारी ते पांढरं नको, लग्न झालं की लिही. गुणाजीच्या स्वतःच्या बहिणीचं लग्न सावंतवाडीच्या घरी झालं तेव्हा उंबऱ्यावर कुणी ओला पाय ठेवला तरी आई ओरडे. तो म्हणाला, बाय, लगीन होऊ दे, मी मागाहून येतो. आणि तिने खरंच हात जोडले. तिथून बाजूच्या दारापर्यंत दहा पावलं असतील. त्या दहा पावलांत त्याने ते ठरवलं. एक घर सुटलं तर काय बिघडलं. साहेब काय मोजायला येतोय. शंभर घरांना आपण फाटकावर लावलं, एकाला तरी नाही लावणार. बाजूचं घर बुधाजी नावाच्या माणसाचं होतं. गुणाजीने तिथे रेघ ओढली आणि तिच्यावर सदुसष्ट बसवला, आणि त्याचा हात संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हलका चालला. दुसऱ्या दिवशी साहेबाने पुढचं गाव धरलं. मागाहून जायचं त्याच्या मनातच नव्हतं. न जाणं हेच तर त्याने तिला दिलं होतं.

आणि तेरा वर्षं तो त्याच्यावर जगला. हे त्याला आज लालबागच्या नाक्यावर, आपल्या गिरणीच्या धुराविना उभ्या चिमणीखाली, एखाद्याने कानशिलात भडकवावी तसं कळलं. नोकरी गेली, ग्रॅच्युइटीच्या खेपा झाल्या, धाकटा भाऊ दारूत गेला, पोरगी परक्या मुलखात दिली, आणि ह्या सगळ्यात हाताशी एकच चांगली गोष्ट होती: आपण एक घर वाचवलं. जाईबाईने ते चाळभर केलं होतं. त्याचा टायफॉइड उलटला, परळच्या हॉस्पिटलात, जिथे ती आया होती तिथेच, बारा दिवस तो शुद्धीवर नव्हता, तेव्हा तो उठून बसल्यावर ती म्हणाली होती, "त्या एका घराच्या पुण्याईन वाचलात तुमी." गणपतीत कुणी विषय काढला की तो मान खाली घालून हसे, कशाला ते आता, असं म्हणे, आणि सांगे. हसू येईल, पण त्याच्या डोळ्यांपुढे एक चित्रच होतं, न टांगलेलं. चहूबाजूंनी खोल काळी खाण, आणि मधोमध थोडी जमीन शिल्लक, तिच्यावर ते घर, दारावर पिवळे हात, छपरातून चुलीचा धूर. खाण म्हणजे काय हे त्याने पाहिलं होतं. तिच्यात घर शिल्लक राहत नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण गुणाजीने ते घर तेरा वर्षं उभं ठेवलं होतं. आज दुपारी त्याचं दार हमालाच्या पाठीवरून जिना चढून आलं होतं.

घरी जाईबाईने विचारलं, उशीर झाला, जेवायला वाढू का. त्याला सांगायचं होतं. त्याने तोंड धुतलं, पाट घेतला, पहिला घास घेतला. ती समोर बसून मासळीचा काटा काढून देत होती, टायफॉइडपासून देत असे तसा. तो म्हणाला, मीठ कमी आहे. कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला राधाबाई आल्या. सुनंदाबाई त्यांना हात धरून जिना चढवून घेऊन आल्या आणि खुर्ची देऊ लागल्या. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. अठ्ठावीस दारं टांगून झाली होती, वाऱ्याने थोडी थोडी हलत होती, आणि त्यांच्यामधून त्या न चुकता चालत गेल्या, आपल्या गल्लीतून जावं तशा, आणि कोऱ्या दारापाशी कोळसा हाताने बाजूला सारून जमिनीवर बसल्या. डावीकडे सहासष्ट, उजवीकडे सदुसष्ट. गुणाजी स्टुलावर चढून सदुसष्टची तार पिळत होता. नुसत्या चेहऱ्यावरून त्याने त्यांना ओळखलं नसतं. तेव्हाची ती दाराला पाठ लावणारी बाई अंगाने भरलेली होती, ही मूठभर झाली होती. सुनंदाबाई पाहुण्यांना फोन करायला खाली गेल्या. मग राधाबाई वर बघून त्याच्याशी बोलायला लागल्या. काम करणाऱ्या माणसाशी बोलायला ओळख लागत नाही. हे दार बुधाजीचं, त्यांनी सांगितलं, बुधाजीले वसाहतीत कोपऱ्यावरचा प्लॉट भेटला, आता तो नाही, पोरं आहेत. पोरीचं लग्न झालं ते ह्याच दारातून. जावई चांगला निघाला. आकडा घालायला आला होता तोही चांगला होता.

"मुंबईचा होता," त्या म्हणाल्या. "एवढ्या गावात त्यानं एकट्यानं माहं ऐकलं. म्हनला, बाय, लगीन होऊ दे, मी मागाहून येतो. पन आला नाही. मेला असन बिचारा. नाही त आला असता."

गुणाजीच्या हातात पक्कड होती. तार पिळून झाली होती तरी तो ती पिळत राहिला, आणि ती तुटली असती. त्याला वाटलं होतं की ही बाई त्याला शिव्या देत असेल. रात्रभर त्याने त्या शिव्या ऐकल्या होत्या, त्यांच्या बोलीत, आणि प्रत्येक शिवीला मान खाली घातली होती. त्याची तयारी होती. ह्याची नव्हती. ती पण त्याच माणसावर जगत होती, ज्याच्यावर तो जगत होता. गोठ्यात, दाराची भिंत करून. तिच्याकडे त्या दिवसांतलं एवढंच एक चांगलं माणूस होतं आणि ते तिने मारूनसुद्धा चांगलंच ठेवलं होतं. राहू दे ना. मेलेला बरा. खाली उतरायचं, चहा सांगायचा, पाच वाजता दिवा लागेल, भाषणं होतील, उद्या ही परत जाईल. तोंड बंद ठेवलं की दोघांचंही शाबूत राहील. पण मग त्याला वाटलं की पुन्हा तेच चाललंय. पुन्हा तिच्या वतीने स्टुलावर उभं राहून तो ठरवतोय की तिच्या भल्याचं काय. तो स्टुलावरून उतरला, आणि उभा राहिला तर फारच उंच वाटेल म्हणून तिच्यासमोर कोळशात बसला.

"मेला नाही, बाय," तो म्हणाला. "तो मी."

राधाबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांनी हातांकडे पाहिलं, उजव्या हाताकडे, मग खांद्यावरच्या फडक्याकडे. गुणाजी सांगत राहिला, काय सांगत होता ते त्याचं त्यालाही धड कळत नव्हतं, गिरणीचं फाटक, याद्या, नाव आलं की माणूस मेला, मला वाटलं तुम्हाला वाचवतोय. फाटक म्हणजे काय आणि याद्या कसल्या हे बोरगोंदीच्या बाईला कुठून कळणार. तो बोलून दमला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी त चारच दिवस मांगतले होते." आवाज चढला नाही. दिलेला माल जास्त निघाला तर दुकानदाराला सांगावं, तसं सांगितलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, दाराकडे वळून बसल्या आणि म्हणाल्या, "मंग लिव्ह आता."

भिंती रंगवायचा पांढऱ्या रंगाचा डबा कोपऱ्यात होता. गुणाजीने ब्रश घेतला. रमाकांत टेबलावरून उठून आला, अहो धुरी, ते प्रदर्शनातलं आहे, काय करताय, असं म्हणाला, आणि जिन्यावर सुनंदाबाई येऊन उभ्या होत्या त्यांच्याकडे बघायला लागला. सुनंदाबाईंनी त्याला थांबवलं नाही आणि गुणाजीलाही नाही. त्यांनी जिन्यावरून सगळं ऐकलं होतं. गुणाजीने ब्रश बुडवला, कडेला निपटला, आणि हळदीच्या हातांच्या वीतभर वर, हात जाईल तिथे, रेघ ओढली. सरळ आली. तेरा वर्षांत हात बिघडला नव्हता. मग आकड्यासाठी त्याने ब्रश उचलला. डावीकडे सहासष्ट होता. उजवीकडे सदुसष्ट होता, त्याने स्वतः बसवलेला, दहा पावलांवर, हलक्या हाताने. तो एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. बोरगोंदीत एकशे अकरा आकडे त्याने घातले होते आणि ह्या दारासाठी त्यांतला एकही उरला नव्हता. ब्रश हवेतच राहिला.

"किती झाला?" राधाबाईंनी विचारलं. त्यांना अक्षरओळख नव्हती.

"नाही झाला, बाय. ही नुसती खालची रेघ."

"मंग वरचा?"

"वरचा मी बुधाजीला दिला."

राधाबाईंनी सदुसष्टच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. रेघेच्या टोकाशी रंग जास्त झाला होता. त्यातून एक थेंब सुटून खाली यायला लागला, सावकाश, पोरीच्या हातांकडे. त्या गुडघ्यांवर उठल्या आणि थेंब हळदीला लागू नये म्हणून मध्ये बोट धरून तशाच राहिल्या.